न्यू रिव्हर गॉर्जचा पूल : खाली आधार नसताना कमान उभी कशी केली आणि त्याला गंज का चालतो

प्रश्न असा होता की वेस्ट व्हर्जिनियात यूएस १९ हायवेने जाताना न्यू रिव्हर गॉर्जचा पूल लागला, नदीपासून २६७ मीटर उंच, पाण्यात एकही खांब नाही, मग बांधताना खालून आधार कशाचा दिला, कमानच का घेतली, आणि सगळं लोखंड गंजून तपकिरी झालंय तरी त्यावरून ट्रक कसे सोडतात. शेवटी असंही विचारलंय की आपल्याकडे सह्याद्रीत असं का दिसत नाही.

मी पूल उभारणीच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे डिझाइन दुसरे करतात आणि ते प्रत्यक्षात कुठल्या क्रमाने, कुठल्या क्रेनने, कुठल्या तात्पुरत्या आधारावर चढवायचं ते आम्ही बघतो. त्यामुळे माझं उत्तर त्या अंगाने येणार. आणि खरं सांगू का, खोल दरीवरच्या पुलाच्या बाबतीत तेच अंग मुख्य असतं. पूल पूर्ण झाल्यावर कसा दिसेल हे लोक बघतात, पण तो अर्धा झालेला असताना कसा उभा राहील यावरच बहुतेक वेळा त्याचा आकार ठरतो.

आधी आधाराचं. आपल्या गावाकडच्या दगडी कमानीच्या पुलाला आधी खाली लाकडाचा सांगाडा उभा करायचे, त्यावर दगड रचत न्यायचे, मधला किल्लीचा दगड बसला की सांगाडा काढायचा. इथे तो मार्गच बंद. २६७ मीटर उंच स्टेजिंग (तात्पुरता सांगाडा) लावणं म्हणजे ऐंशी-नव्वद मजली इमारत उभारून नंतर पाडायची, तीही खळाळत्या नदीत. मग यांनी काम खालून न करता वरून केलं. जून १९७४ मध्ये कामाला सुरुवात झाली तेव्हा दरीच्या दोन्ही काठांवर जवळपास १०० मीटर उंचीचे मनोरे उभे केले, आणि त्यांच्यामध्ये दरी ओलांडून साधारण १,०७० मीटर लांबीच्या, ३ इंच जाडीच्या केबल ताणल्या. त्या केबलवरून ट्रॉल्या धावायच्या, ट्रॉलीला पोलादाचा तुकडा टांगायचा, दरीच्या वरून नेऊन बरोबर त्याच्या जागी खाली सोडायचा, तिथले फिटर तो बोल्टने जोडणार, की पुढचा तुकडा. काम युनायटेड स्टेट्स स्टीलच्या अमेरिकन ब्रिज विभागाने केलं, डिझाइन मायकेल बेकर कंपनीचं. सुमारे ३७ मिलियन डॉलर खर्च आला आणि २२ ऑक्टोबर १९७७ ला पूल खुला झाला.

पण तुकडा जागेवर नेणं हा सोपा भाग झाला. तो तिथे टिकवायचा कसा? कमान दोन्ही काठांकडून एकाच वेळी वाढत येते, आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, जोपर्यंत दोन्ही टोकं मध्ये भेटत नाहीत तोपर्यंत ती कमान नसतेच. ती दरीत वाकून पुढे आलेली दोन वेगवेगळी कँटिलिव्हर असतात, म्हणजे एकाच टोकाला धरलेले आणि पुढे अधांतरी असलेले भाग, प्रत्येकाला पुढे दरीत पडायचं असतं. म्हणून त्यांना मागून केबलने ओढून धरतात, त्या केबल काठावरून मागे नेऊन खडकात किंवा मोठ्या काँक्रीटच्या वजनात अडकवतात. याला साइटवर आम्ही टायबॅक म्हणतो. कमान जशी पुढे सरकते तसा टायबॅकमधला ताण वाढत जातो, नवीन केबल जोडाव्या लागतात, जुन्यांचा ताण बदलावा लागतो, आणि हे सगळं कुठल्या तुकड्यानंतर किती हे आधीच गणित करून तक्त्यात लिहिलेलं असतं.

यात डिझाइनवाल्याला त्रास देणारी गंमत अशी की पूर्ण झालेल्या कमानीत जवळजवळ सगळे मुख्य भाग दाबाखाली असतात, पण उभारताना तिची वरची कड ताणाखाली असते, कारण तेव्हा ती मागे ओढून धरलेली असते. म्हणजे एकाच मेंबरला (सांगाड्यातल्या एका पोलादी तुकड्याला) आधी ताण सोसायचा आणि नंतर आयुष्यभर दाब. त्याचे जोड, बोल्ट, प्लेटची जाडी दोन्हीसाठी पुरली पाहिजे. काही मेंबरचा आकार तर पुलाच्या पुढच्या शंभर वर्षांच्या ट्रॅफिकवर ठरत नाही, उभारणीतल्या दोन-तीन आठवड्यांवर ठरतो.

हे हलक्यात घेण्यासारखं नाही. पुलांच्या इतिहासातले मोठे अपघात काढून बघा, कितीतरी बांधकाम चालू असतानाचे आहेत. कॅनडातला क्वेबेकचा पूल २९ ऑगस्ट १९०७ ला अर्धवट कँटिलिव्हर अवस्थेत कोसळला, ७५ कामगार गेले. मेलबर्नचा वेस्ट गेट पूल १५ ऑक्टोबर १९७० ला बांधतानाच पडला, ३५ जण गेले. दोन्हीकडे वरून ट्रॅफिक जात नव्हतं, वादळ नव्हतं, पूल स्वतःच्या वजनाखाली, अपुऱ्या अवस्थेत गेला. म्हणून कुठल्याही उंच पुलाचं कौतुक करताना त्याच्या अर्धवट अवस्थेचे महिने सांभाळणाऱ्या माणसांचं कौतुक आधी व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आता मध्यावर जोडणी, तिला आम्ही क्लोजर म्हणतो. दोन्ही बाजूंनी आलेली टोकं एकमेकांसमोर येतात तेव्हा ती इंचभरसुद्धा चुकून चालत नाहीत, पण पोलाद तर उन्हात वाढतं. साधा हिशोब करा, पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. या पुलाची एकूण लांबी ९२४ मीटर आहे, कडाक्याची थंडी आणि कडक उन्हाळा यात ५० अंशांचा फरक धरला तर अर्ध्या मीटरहून जास्त वाढ-घट होते. आणि त्याहून त्रासदायक म्हणजे ऊन एका बाजूने लागतं. मी स्वतः अशा कँटिलिव्हरच्या टोकावर पहाटे सर्व्हे टीमबरोबर उभा राहिलोय, अंधारात प्रिझमवर (मोजणीसाठी टोकावर लावलेल्या काचेवर) टॉर्च मारून रीडिंग घेतलं की आकडे डिझाइनला बरोबर जुळतात, मग सूर्य वर येतो, पूर्वेकडची बाजू तापते, ती लांब होते, आणि टोक हळूहळू पश्चिमेला वळायला लागतं, दहा-अकरापर्यंत तोच प्रिझम कित्येक सेंटीमीटर सरकलेला असतो, डोळ्याला काहीच दिसत नाही, हाताला काही जाणवत नाही, फक्त टोटल स्टेशनच्या, म्हणजे मोजणीच्या यंत्राच्या, स्क्रीनवर आकडा बदलत असतो. म्हणून महत्त्वाचं मोजमाप आणि जोडणी पहाटे किंवा रात्री करायची, जेव्हा सगळ्या पोलादाचं तापमान एकसारखं असतं. टोकं जुळली की जॅक लावून शेवटची फट जुळवायची, मधला तुकडा बसवायचा आणि मग टायबॅक एकदम न कापता टप्प्याटप्प्याने सैल करत जायचं. तो ताण जसजसा सुटतो तसतशी कमान स्वतःचं वजन स्वतः घ्यायला लागते. तिथून पुढे ती कमान.

हीच पद्धत आपल्या लोकांना जवळची आहे, कारण जम्मू-काश्मीरमधला चिनाब नदीवरचा रेल्वे पूल असाच झालाय. तो हायवेचा नाही, रेल्वेचा आहे, पण पोलादी कमान ४६७ मीटरची, नदीपासून ३५९ मीटर उंच, आणि काम कोकण रेल्वेच्या देखरेखीखाली. तिथेही दरीवर केबल क्रेन टाकली, दोन्हीकडून कमान पुढे नेली, मागून केबलने धरली आणि एप्रिल २०२१ मध्ये मधला भाग जोडला.

आता कमानच का. न्यू रिव्हरची दरी आकाराने इंग्रजी व्ही सारखी, दोन्ही बाजूंना सँडस्टोनचा मजबूत खडक. कमानीचं तत्त्व असं की ती वजन सरळ खाली न टाकता तिरकं बाजूला ढकलते, त्यामुळे पायथ्याला प्रचंड आडवा रेटा येतो. हा रेटा किती, याचं ढोबळ सूत्र म्हणजे दर मीटरचं वजन गुणिले स्पॅनचा, म्हणजे दोन पायथ्यांमधल्या अंतराचा, वर्ग, भागिले कमानीच्या उंचीची आठ पट. म्हणजे स्पॅन तोच ठेवून कमान निम्म्याने चपटी केली तर रेटा दुप्पट. या पुलाची कमान ५१८ मीटर स्पॅनची आणि तिचा मधला भाग पायथ्यापासून शंभर मीटरहून जास्त वर आहे, एवढी उंची घ्यायला दरीनेच जागा दिली. आणि रेटा घ्यायला दोन्हीकडे खडक आयता. जिथे खडक चांगला आणि दरी अरुंद, तिथे कमानीसारखा दुसरा प्रकार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. १९७७ पासून २००३ मध्ये शांघायचा लुपू पूल ५५० मीटरची कमान घेऊन येईपर्यंत, जगातला सगळ्यात लांब कमानीचा पूल हाच होता.

पाण्यात खांब नसण्याचा अजून एक फायदा आहे ज्याबद्दल लोक फार बोलत नाहीत. नदीत पाया असला की पुरात त्याच्याभोवतीची माती-वाळू खरवडून निघते आणि पाया उघडा पडतो. जगभरात पूल जाण्याचं हे फार मोठं कारण आहे. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या गेल्या, ते आपण कोणी विसरलेलो नाही. न्यू रिव्हरच्या पुलाला नदीला कितीही पूर आला तरी फरक पडत नाही, पाणी त्याच्या पायापर्यंत पोचतच नाही.

कमानीबद्दल एक गोष्ट ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. पूल पूर्ण भरलेला असणं ही तिची वाईट अवस्था नसते. वाईट अवस्था म्हणजे अर्धा पूल भरलेला आणि अर्धा रिकामा. सगळीकडे सारखं वजन असेल तर कमान नुसती दाबली जाते, ते तिला मानवतं. पण एका अर्ध्यावरच ट्रकची रांग लागली तर तो भाग खाली दबतो आणि दुसरा अर्धा वर फुगू बघतो, म्हणजे कमान वाकायला लागते. म्हणूनच इथे नुसती बारीक पट्टी न घेता वर-खाली दोन कडा आणि मध्ये तिरक्या मेंबरची जाळी अशी खोल ट्रस कमान घेतलीय, वाकणं घ्यायला ती खोली लागते. त्या जाळीचा दुसरा उपयोग वाऱ्याला, दरीतून येणारा वारा भरीव भिंतीला अडतो तसा न अडता बराचसा आरपार जातो.

दरी रुंद असली की मात्र सगळं बदलतं. फ्रान्समधला मियोचा पूल घ्या, टार्न नदीच्या दरीवरचा. तिथली दरी अडीच किलोमीटर रुंद, एका उडीत ओलांडण्यासारखी नाहीच. मग इंजिनिअर मिशेल विर्लोजो आणि आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर यांनी ७ उंच खांब घेतले, सगळ्यात उंच खांब २४५ मीटरचा, वर केबलचे मनोरे धरून एकूण उंची ३३० मीटरहून जास्त. आणि पुन्हा तोच प्रश्न, रस्त्याचा डेक, म्हणजे गाड्या जातात तो तळ, वर चढवायचा कसा? २७० मीटर उंचीवर क्रेनने तुकडे चढवत बसायचं नाही असं ठरवून त्यांनी डेक दोन्ही काठांवर जमिनीवरच जोडला आणि हायड्रॉलिक जॅकनी तो हळूहळू दरीत ढकलत नेला. एका ढकलीत जेमतेम ६० सेंटीमीटर. ३६,००० टन पोलाद असं सरकवलं. दोन कायमच्या खांबांमध्ये ३४२ मीटर अंतर, तेवढं तरंगत जाणं डेकला झेपणार नव्हतं म्हणून मध्ये पोलादाचे तात्पुरते खांब उभे केले, नंतर काढून टाकले. २८ मे २००४ ला दोन्ही बाजू नदीच्या वर भेटल्या. डेक पोलादी आणि हलका घेतला याचं एक मोठं कारण हेच की तो ढकलायचा होता. वाऱ्यासाठी कडेला ३ मीटर उंचीचे पारदर्शक पडदे लावलेत, गाड्यांना लागणारा वारा त्याने निम्म्यावर येतो.

हे ढकलत नेण्याचं तंत्र आपल्याकडे नवं नाही बरं का. रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा उंच पूल, ६४ मीटर, तोही असाच ढकलून केलाय, भारतात ही पद्धत पहिल्यांदा तिथेच वापरली. तिथे डेक काँक्रीटचा होता, म्हणजे अजून जड. मुंबई-गोवा मार्गाच्या ट्रेनमधून जाताना खिडकीशी बसलात तर जरूर बघा.

आणि जिथे दरी रुंदही आणि खोलही, खांब टाकायला जागाच नाही, तिथे झुलता पूल. चीनमधल्या ग्वेजो प्रांतातला हुआजियांगचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये खुला झाला, नदीपासून ६२५ मीटर उंच, मुख्य स्पॅन १,४२० मीटर. अशा पुलाची सुरुवात एका पातळ दोरीपासून होते, ती दरीपलीकडे पोचवली की तिच्या जोरावर जाड दोरी, मग त्याहून जाड. हुबेईतल्या सिदू नदीच्या पुलावर ती पहिली दोरी रॉकेटला बांधून दरीपार उडवली होती.

आता गंजाबद्दल, कारण हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर अर्धवट दिलं की लोक चुकीचं शिकतात. ते साधं पोलाद नाही. त्याला वेदरिंग स्टील म्हणतात, तिथलं कॉर-टेन या ब्रँडचं आहे. त्यात तांबं, क्रोमियम, निकेल थोड्या प्रमाणात मिसळलेलं असतं. साध्या लोखंडावरचा गंज सैल असतो, पापुद्रा सुटतो, खालचं नवीन लोखंड उघडं पडतं, ते पुन्हा गंजतं, असं चालूच राहतं. याच्यावर जो गंज येतो तो बारीक कणांचा आणि घट्ट चिकटलेला असतो, तो एकदा तयार झाला की ओलावा आणि हवा आत जायचा वेग खूप कमी होतो. म्हणजे तो तपकिरी थर हाच त्याचा रंग. २६७ मीटर उंचीवर माणसं लटकवून दर काही वर्षांनी एवढ्या जाळीला रंग द्यायचा विचार करा, मग हे पोलाद का घेतलं ते लगेच कळेल.

पण याला अटी आहेत आणि त्या कडक आहेत. ते ओलं होऊन पुन्हा वाळलं पाहिजे, पुन्हा ओलं, पुन्हा वाळलं, असं चक्र लागतं. जिथे पाणी साचून राहतं, पक्ष्यांची घाण-पालापाचोळा अडकून ओल धरते, किंवा मीठ लागतं, तिथे तो घट्ट थर तयारच होत नाही आणि हे पोलाद साध्यासारखंच खात सुटतं. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारट पाणी एक्सपान्शन जॉइंटमधून (पुलाची वाढ-घट व्हावी म्हणून ठेवलेल्या फटीतून) गळून खालच्या पोलादावर पडतं, म्हणून जॉइंटखालचा भाग रंगवून घ्यायची शिफारस असते. तपासताना बघायचं काय तर थर हाताला कसा लागतो. बारीक रवाळ, घासल्यावर थोडी भुकटी आली तर ठीक. पापुद्रे किंवा पानासारखे थर सुटत असतील तर तिथली जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजायलाच हवी. एक जुनी साधी युक्ती म्हणजे पृष्ठभागावर चिकटपट्टी दाबून ओढायची आणि तिला लागलेल्या कणांचा आकार बघायचा, कण जितके बारीक तितका थर चांगला. हातोडीने टकटक करून आवाजही ऐकतात.

आणि हे बघायला माणूस तिथे पोचला पाहिजे. रस्त्याच्या खाली, पुलाच्या पोटात, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फूट रुंदीचा कॅटवॉक आहे तो इन्स्पेक्शनसाठीच, आता त्यावरून पर्यटकांनाही दोर बांधून नेतात. याच राज्याने तपासणीचा धडा फार मोठी किंमत देऊन घेतलाय. १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, ४६ माणसं गेली, कारण निघालं साखळीच्या एका पट्टीतली काही मिलिमीटरची चीर. ती साखळी दोन-दोन पट्ट्यांचीच होती, एक तुटली की दुसरीला सगळं झेपणार नव्हतं. त्यानंतर अमेरिकेत हायवेच्या पुलांची ठरावीक मुदतीने, साधारण दर दोन वर्षांनी, तपासणी सक्तीची झाली. न्यू रिव्हरचा पूल हे सगळं घडल्यानंतर त्याच राज्यात उभा राहिला, म्हणून मला तो कॅटवॉक पुलाच्या उंचीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सह्याद्रीबद्दल. इथे बेसॉल्टचे थर एकावर एक आहेत, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीसारखा मऊ पट्टा असतो, त्याला रेड बोल म्हणतात. वरचा खडक कितीही कठीण दिसला तरी कमानीचा आडवा रेटा अशा पट्ट्यावर आला तर घसरण्याचा धोका, म्हणून बोअर घेऊन कोअर (खडकाचा नमुना) काढून तो पट्टा नेमका कुठे आहे हे बघितल्याशिवाय कमानीचं नावही काढू नये. सरळ खाली वजन टाकणारे प्रकार अशा जमिनीत जास्त सोयीचे पडतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या मिसिंग लिंकवर टायगर व्हॅलीत दोन बोगद्यांच्या मध्ये केबल-स्टेड पूल घेतलाय, म्हणजे मनोऱ्यावरून तिरक्या केबलने डेक धरलेला, त्याचा मनोरा म्हणजे पायलॉन १८० मीटरच्या आसपास. तिथे डेक पायलॉनपासून दोन्हीकडे तोलत बाहेर वाढवतात आणि प्रत्येक तुकड्याला केबल लावत जातात, म्हणजे खालून आधार नको, काठावरून मागे ओढायलाही नको. मात्र पावसाळ्यात घाटात जो वारा, धुकं आणि पाऊस एकत्र असतो त्यात पूर्ण लांबलेलं टोक सांभाळणं हे फार अवघड काम आहे.

कोकणात वेदरिंग स्टील चालेल का असंही कुणी विचारेल, तर समुद्राजवळ नाही. चार महिने सलग ओल आणि खारी हवा, तिथे तो थर बसायला वेळच मिळणार नाही. तिथे चांगली रंगाची सिस्टीम आणि नियमित देखभाल, किंवा सरळ काँक्रीट. घाटमाथ्याच्या पूर्वेला, कोरड्या भागात, विचार करता येईल.

तुम्ही पुन्हा तिकडे जाणार असाल तर पुलावरून नुसते जाऊ नका. एरवी तो मिनिटभरात पार होतो, पूर्वी याच अंतराला चाळीसेक मिनिटं लागायची. जुना फेयेट स्टेशन रोड अजून आहे, वळणावळणाने खाली नदीपर्यंत उतरतो आणि छोट्या पुलावरून पलीकडे चढतो, तिथून वर बघा, ट्रसच्या कडा, जोडपट्ट्या, कमानीचा पायथा खडकात कुठे टेकलाय ते सगळं नीट दिसतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी ब्रिज डे असतो, त्या दिवशी गाड्या बंद करून पूल लोकांना चालायला खुला करतात, तेव्हा एक्सपान्शन जॉइंट पायाखालून बघायला मिळतील. फोटो काढलेत आणि कुठे पापुद्रे सुटताना दिसले तर टाका, बघून सांगतो.